वरच्या मजल्यावरचे पंच्याहत्तर टक्के

"पंच्याहत्तरच दिले गं. ऐंशी द्यायला त्यांचं काय जात होतं?"

वरच्या मजल्यावरची राजश्री जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून फोनवर बहिणीशी कुरकुरत होती. तिसरी पायरी म्हणजे माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून जेमतेम हातभर. मी आत भाकरीचं पीठ मळत होते. कान देऊन ऐकत होते असं नाही, पण पीठ मळताना कान रिकामेच असतात.

लातुरात असं बोलणं कानावर आलं की कुणालाही वाटावं, पोराच्या टेस्टचं चाललंय. इथं रिक्षावाल्यापासून डाळमिलच्या मालकापर्यंत सगळे टक्क्यांतच बोलतात. पण हे पंच्याहत्तर वेगळे होते. मुकुलची बुद्धी किती कमी आहे, ते सरकारी दवाखान्यातल्या बोर्डानं कागदावर लिहून दिलं होतं. "ऐंशी असते तर केंद्राची योजनापण लागली असती," राजश्री बहिणीला सांगत होती.

मला इतका हेवा वाटला की पिठात पाणी जास्त पडलं.

मिळालं ते मिळालं, वर कुरकुर करायची चैन! मुकुल तिचा थोरला. चोवीस वर्षांचा, चांगला सहा फूट. दिवसभर गॅलरीत उभा राहून रस्त्यावरच्या गाड्या मोजतो. एकोणीसच्या पुढं त्याला येत नाही, म्हणून विसावी गाडी दिसली की पुन्हा एकपासून. नवरा नांदेडला कॉलेजात प्राध्यापक. धाकटी अपूर्वा डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरच्या क्लासला, तिच्यासाठी राजश्री दोन्ही लेकरं घेऊन माझ्या वरच्या दोन खोल्यांत राहायला आलेली. अपूर्वाला टेस्टमध्ये सत्त्याण्णव पडायचे. म्हणजे एका घरात सत्त्याण्णवही आणि पंच्याहत्तरही. एक लेकरू अधू असलं तरी तिच्याकडं दुसरं होतं, जास्तीचं. माझ्याकडं एकच होती. नंदा.

नंदा म्हणजे महानंदा. तीस वर्षांची. माझ्या मेसमध्ये क्लासच्या चौदा मुली जेवतात, त्यांची ताटं नंदा मांडते. चौदा ताटं मोजता येत नाहीत तिला, पण मुलींची नावं येतात. एकेक नाव घेत ताट ठेवते. एखादी गावाकडं गेलेली असली तरी तिचं ताट मांडते आणि तिची वाट बघत बसते.

ती अशी का, ते आमच्या घरात असं सांगतात: किल्लारीच्या भूकंपात माळवदाची तुळई तिच्या डोक्यात पडली. तेव्हा ती चार वर्षांची होती. आमचं गाव किल्लारीपासून चार कोसांवर. सासरे त्यात गेले, सासूबाईंचा पाय मोडला. पत्र्याच्या शेडमध्ये बाहेरगावाहून आलेल्या डॉक्टरनं विचारलं, "ही बोलत नाही का?" तेव्हा नागम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, प्लास्टरमधला पाय लांब करून म्हणाल्या, "तुळई पडली की वो डोस्क्यात." तेव्हापासून तेच. सोयऱ्याधायऱ्यांत तेच, शेजारी तेच. भूकंपाचं म्हटलं की लोक गप्प होतात, चहा ठेवतात. त्याआधी लोक मला विचारायचे, पोटुशी असताना काय खाल्लं होतंस? तुझ्या माहेरी असं कुणी होतं का? भूकंपानंतर कुणी विचारलं नाही.

वीरभद्र, माझे मालक, पाटबंधाऱ्यात शिपाई होते. दोन वर्षांपूर्वी गेले. पेन्शन माझ्या नावावर झालं. एक दिवस पेन्शनच्या ऑफिसातल्या बाबूनं सहज विचारलं, "मावशी, तुमच्यामागं लेकीचं काय?" मी म्हटलं, "माझ्यामागं म्हणजे?" तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही गेल्यावर. अशा लेकराला जन्मभर पेन्शन लागतं. दिव्यांगाचं प्रमाणपत्र आणा, चाळीस टक्के तरी पाहिजेत, आणि तुम्ही हयात आहात तोवर नाव लावून घ्या. नंतर तिच्यासाठी कोण पळणार?"

मी ऑफिसातून बाहेर आले आणि बसस्टँडपर्यंत चालत गेले. रिक्षा करायचं सुचलंच नाही. माझ्यामागं तिचं कोण, हा प्रश्न मी तीस वर्षं पदराखाली झाकला होता. त्या माणसानं पान लावता लावता काढून समोर ठेवला.

म्हणून मला तो कागद पाहिजे होता. चाळीस तर मिळतीलच याची मला खात्री होती. डॉक्टरला डोळे आहेत. फक्त मुकुलएवढे नकोत, एवढंच मनात होतं. पन्नासावर थांबावं. पेन्शनपण लागेल आणि जिन्यात मान वर करून बोलतापण येईल. मनातली लबाडी अशीच असते.

राजश्रीला विचारलं, "वहिनी, काय काय विचारतात वो आत?"

तिनं सगळं सांगितलं. नाव, गाव, वार. दोन हातांची बोटं किती? आग लागली तर काय करशील? चौकोन काढ, गोल काढ. मी खिडकीच्या कडेला लटकवलेल्या कॅलेंडरच्या मागं लिहून घेतलं. संध्याकाळी पंगतीला मुलींना वाचून दाखवलं तर एक पोरगी ओरडली, "काकू, पेपर फुटला!"

मग काय, लातूरच ते. नंदाचा क्लास सुरू झाला.

अपूर्वानं टाइमटेबल काढलं. एका मुलीकडं बोटं, एकीकडं चौकोन, एकीकडं आग. बोर्ड बुधवारी बसतं, म्हणून वार शिकवायचा तो एकच, बुधवार. सातही वार कशाला डोक्यात भरायचे? महिनाभर आमच्या घरात रोज बुधवार होता. नंदानं वही मागितली. मग पेन. मग दप्तर. इतकी वर्षं या घरातनं पोरी सकाळी दप्तर घेऊन जाताना तिनं दारात उभं राहून बघितल्या होत्या. आता तिला स्वतःची टेस्ट होती. दुपारी ताटं आवरून झाली की दप्तर पाठीला लावून ओट्याजवळ यायची. "आई, क्लास."

"आग लागली तर काय करशील, नंदे?"

"आईला हाक मारीन."

"न्हाई माय. पाणी टाकीन, म्हण."

"पाणी टाकीन. मग आईला हाक मारीन."

राजश्री एकदा तिसऱ्या पायरीवर थांबली. जरा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "शिवकांताताई, शिकवू नका हो तिला. जशी आहे तशी जाऊ द्या."

मला अस्सा राग आला. तुझ्या पोरीला दोन दोन क्लास, आणि माझ्या पोरीनं मात्र जशी आहे तशी जायचं? तुझ्या मुकुलच्या पुढं माझी नंदा जाईल, हे बघवेना तुला. तोंडानं म्हटलं, "जरा मन रमतंय तिचं." आणि त्या दिवशी वर ताक पाठवायचं विसरले. विसरले म्हणजे भांड्यात काढून ठेवलं होतं आणि पाठवलं नाही.

तरी बोर्डाच्या सकाळी नंदाच्या दोन वेण्या राजश्रीनंच घातल्या. मला चौदा जणींचा स्वयंपाक उरकायचा होता. तिनं हळूहळू भांग पाडला, बटा वर केल्या, खाली केल्या. जरा जास्तच वेळ लावला. मग लाल रिबिनी बांधून म्हणाली, "जा गं, राणी."

आत विनीता मॅडम नावाच्या मानसशास्त्राच्या बाई होत्या. वयानं नंदाएवढ्याच. एवढ्या वयात खुर्चीवर बसून दुसऱ्याच्या लेकरांची बुद्धी मोजतात म्हणून त्यांच्या आईचापण जरा हेवा करून घेतला. नंदानं मात्र नाव काढलं. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर. "आज वार कोणता?" "बुधवार!" बोटं? "दहा!" चौकोन काढला तर चारही कोपरे जुळले. मला वाटलं बाहेर बसलेल्या सगळ्या आयांना बोलवून दाखवावा.

मग मॅडम माझ्याकडं वळल्या. "स्वतः अंघोळ करते?"

"करते." पाणी मी काढते, साबण हातात मी देते, पाठ मी चोळते.

"गॅस पेटवते?"

"पेटवते." एकदा पेटवला होता. बाही जळाली. तेव्हापासून लायटर मी कमरेला खोचून फिरते.

"एकटी दुकानात जाते?"

"जाते की." दुकान दारासमोरच आहे. मी उंबऱ्यात उभी असते आणि दुकानदार पारूबाई दुकानातनं तिला हात धरून रस्ता ओलांडून देते.

खोटं बोलायचं म्हणून बोलले नाही. पाहुण्यांसमोर तीस वर्षं हेच बोलत आले, तोंडाला वळणच पडलंय. ती शेजारी बसली होती, दप्तर मांडीवर घेऊन. माझ्या प्रत्येक "करते"ला मान डोलवत होती. तिच्यासमोर मी काय म्हणायला पाहिजे होतं?

"छान शिकवलंय तुम्ही हिला," मॅडम म्हणाल्या. मी येताना जिलेबी आणली आणि चौदा ताटांत वाढली.

कागद आला. पंचवीस टक्के. बुद्धी सीमारेषेवर.

खरं सांगायचं तर पहिला तासभर मला आनंद झाला. मी कागद घेऊन वर गेले. माझ्याच घराचा जिना, पण कधी नाही ते तीन-तीन पायऱ्या घेतल्या. "वहिनी, आमची फक्त पंचवीस!" राजश्रीनं कागद वाचला, मग माझ्याकडं बघितलं. तिनं तोंड वाईट केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "अगं बाई. आता पेन्शनचं कसं?"

बाबूनं कागद हातातसुद्धा घेतला नाही. "चाळीसच्या खाली पुढं पाठवता येत नाही, मावशी. पोरगी एवढी हुशार असली तर कमवून खाईल, असं वरचे म्हणतील."

कमवून खाईल.

नंदा त्या दिवशीपण दप्तर लावून ओट्याजवळ आली. "आई, क्लास."

"संपला क्लास," मी म्हटलं. "पास झालीस तू."

पुढचे चार महिने मी ज्या पद्धतीनं जळले ते देवाला माहीत आणि पारूबाईला माहीत, कारण तिच्यापाशीच मी बोलायचे. आता मला तेच पंच्याहत्तर पाहिजे होते. मुकुल यष्टीत कंडक्टरपुढं कार्ड नाचवतो, ते पाहिजे होतं. राजश्री मरायला मोकळी झाली, ते पाहिजे होतं. आपण मेल्यावर काय, या प्रश्नाला तिच्याकडं कागद होता, शिवाय मुकुलला सत्त्याण्णववाली बहीण होती. वरून मुकुलच्या हसण्याचा आवाज आला की मला वाटायचं, हसतोय बघा, पंच्याहत्तर टक्के हसतोय. वर ठेचा पाठवणं बंद केलं, ताक बंद केलं. अपूर्वा मेसमध्येच जेवायची, तिच्या ताटात तेवढं सगळं पडत राहिलं. तिनं चौकोन शिकवला होता.

सगळ्यात जास्त जळायचे ते राजश्रीच्या बोलण्यावर. कुणीही विचारो, दूधवाला, शेजारीण, क्लासच्या सरांची बायको, ती आवाज खाली न करता सांगायची, "मुकुल मतिमंद आहे. जन्मापासून." आणि लगेच पुढच्या बोलण्याला लागायची. जणू मुकुल नांदेडचा आहे, असं सांगितलं. मी हे वाक्य एकदा मोरीत, नळ सोडून, म्हणून बघितलं होतं. नंदाचं नाव घालून. नळ बंद केला तेव्हा निम्मंच झालं होतं.

पुन्हा तपासणीचा अर्ज राजश्रीनंच लिहून दिला. मी तिला मागितला नव्हता. ती खाली आली, ओट्यावर बसली, आणि लिहिलं. मग पेनाचं टोपण लावत म्हणाली, "ताई, एक विचारू? राग नका मानू."

"विचारा की."

"त्या दिवशी वेण्या घालताना मी बघितलं. हिच्या डोक्यात खूण कुठंच नाही."

"बुजली," मी म्हटलं. "लहानपणचं हाय ते. बुजली."

"हो, बुजली असेल." तिनं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "मुकुलला नांदेडला पहिल्यांदा दाखवलं ना, तेव्हा मी सांगितलं, ताप डोक्यात गेला. आमच्या सासरी अजून तेच सांगतात. त्याला ताप आलाच नव्हता."

मी भाकरी थापत राहिले. ती एवढी मोठी झाली की तव्यावर मावेना.

"मग खरं कधी सांगितलं?"

"तिसऱ्या खेपेला."

"कुणाला?"

"आधी स्वतःला, असं म्हणायला पाहिजे, पण ते खोटं होईल. आधी डॉक्टरला. स्वतःला अजून सांगून राहिले." आणि ती हसली. मला तिचा हेवा वाटला, पण या वेळचा हेवा वेगळ्या जागी दुखत होता.

मी ताकाचं भांडं तिच्या हातात दिलं. चार महिन्यांचं एकदम द्यावं असं वाटत होतं.

दुसऱ्या तपासणीला शुक्रवार आला.

या वेळी क्लास घेतला नव्हता. पण नंदानं दप्तर सोडलं नाही, पाठीला लावूनच आली. त्याच विनीता मॅडम. पहिलाच प्रश्न, "महानंदा, आज वार कोणता?"

"बुधवार!"

मॅडमनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आणि उद्या?"

नंदा विचारात पडली. "बुधवार?" ती म्हणाली, आणि माझ्याकडं बघितलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. आवाज चढवला नाही त्यांनी. "ताई, मागच्या वेळी तुम्ही हिला पाठ करून आणलं होतं का?"

"हाव," मी म्हटलं. "इथं सगळेच करतात."

त्यांना हसू आलं, त्यांनी ते आवरलं. मग जुना कागद उलटून वाचू लागल्या. "इथं लिहिलंय, भूकंपात डोक्याला मार. त्र्याण्णव. त्या वेळचे दवाखान्याचे कागद आहेत?"

"न्हाईत. सगळंच गाडलं गेलं वो तवा. तुळई पडली माळवदाची..." माझं तोंड आपोआप सुरू झालं. नागम्माचे शब्द, नागम्माचाच हेल. सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली, पण त्यांचं हे एक वाक्य माझ्या जिभेवर जिवंत होतं. वीरभद्रही हेच सांगत गेले. आम्ही दोघं नवराबायको त्यानंतर एकाच खोलीत चोवीस वर्षं राहिलो, पण एकमेकांसमोरसुद्धा कधी दुसरं बोललो नाही.

"भूकंपाच्या आधी ही बोलत होती का? चालायला कधी लागली?"

मी नंदाच्या दप्तराचा पट्टा सरळ केला.

"मार नेमका कुठं लागला, ते तरी कळेल का? त्याप्रमाणं पुढच्या तपासण्या ठरतात. नाहीतर मला काहीच लिहिता येणार नाही." मग त्या नंदाकडं वाकल्या आणि लहान लेकराशी बोलावं तसं विचारलं, "कुठं लागलं होतं गं तुला, महानंदा?"

हा प्रश्न आम्ही घेतलाच नव्हता. कॅलेंडरच्या मागं हा नव्हता.

नंदाचा हात डोक्याकडं गेला. राजश्रीनं आजपण बांधलेल्या वेण्यांच्या मधोमध बोटं फिरू लागली. भांगात शोधलं, कानामागं शोधलं, टाळूवर शोधलं. काहीतरी असायलाच पाहिजे आणि आपल्याला ते सापडत नाही, म्हणजे आपण नापास, असा तिचा चेहरा झाला. डोळे भरून आले. "आई," ती म्हणाली, "कुठं?"

मी तिचा हात धरून डोक्यावरून खाली घेतला.

"मॅडम, हिला बाहेर बसवू का जरा?"

"न्हाई," नंदा म्हणाली आणि माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं.

मग तिच्यासमोरच सांगायचं होतं.

"कुठंच लागलं न्हाई हिला," मी म्हटलं. आवाज खाली झाला होता, तो राजश्रीसारखा वर आणला. "तुळई पडली, पण हिच्यावर न्हाई. त्या दिवशी गणपती बुडवायचे होते. हलगी वाजली की ही किंचाळायची, थांबायचीच न्हाई. सासूबाई कावल्या. म्हणाल्या, घेऊन जा हे येडं शेतात, पाहुण्यांसमोर नको. मालक ड्युटीवर होते. मी हिला कडेवर घेऊन शेतातल्या आखाड्यावर जाऊन झोपले. कुडाची झोपडी ती, डोक्यावर नुसतं पाचट. पहाटं सगळं हाललं. सकाळी घरी गेले तर घरच नव्हतं. आमची निजायची जागा दगडाखाली होती."

मॅडमनी पेन उचललं, पण लिहिलं नाही.

"चार वर्षांची होती, एक शब्द बोलत नव्हती. तीन वर्षांची झाली तवा चालायला लागली. अंघोळ मी घालते. गॅस तिला पेटवू देत न्हाई. रस्ता एकटीला ओलांडता येत न्हाई. भूकंपानं काही केलं न्हाई हिला, मॅडम. ही अशी होती म्हणून आम्ही दोघी वाचलो. माझी नंदा मतिमंद हाय. जन्मापासून. लिहा."